निवडलेल्या चित्रावर छटा कशी द्यायची?

विंडोज फॉर्म्समध्ये चित्रं दाखवणारा स्वतःचा कंट्रोल बनवताना, कोणतं चित्र निवडलंय हे ठळक दिसलंच पाहिजे. नाहीतर 'डिलीट' दाबल्यावर भलताच फोटो जायचा!

सोपा उपाय म्हणजे चित्र काढून झालं की वरून अर्धपारदर्शक निळा चौकोन रंगवायचा. फोटोला हे चालतं. पण आयकॉनची पार्श्वभूमी पारदर्शक असते. तिथे अख्खा चौकोनच निळा दिसतो.

म्हणून कलर मॅट्रिक्स वापरा. हे 5 बाय 5 आकड्यांचं कोष्टक. कर्णावर लाल, हिरवा, निळा यांना 0.5 द्या आणि उरलेल्या दोन जागी 1. त्यातला पहिला 1 अल्फाचा. त्यामुळे पारदर्शक भाग तसाच राहतो. शेवटच्या ओळीत निवडीच्या रंगाचा अर्धा भाग लिहा. विंडोज 10 मध्ये तो रंग मुळात 0, 120, 215 असतो. 255 ने भागून निम्मे केले की 0, 0.24, 0.42. बाकी सगळीकडे शून्य.

हे कोष्टक इमेज अ‍ॅट्रिब्यूट्समधून ड्रॉइमेजला द्या. छटा फक्त पडद्यावर उमटते, मूळ चित्राला धक्का लागत नाही. प्रत्यक्ष कोडमध्ये मात्र रंगाचे आकडे पक्के लिहू नका, सिस्टिम कलर्समधून घ्या. म्हणजे हाय कॉन्ट्रास्ट थीम वापरणाऱ्यांना त्यांच्या थीमचाच निवड-रंग दिसेल.