तलवार-माशाची रात्रीची शिकार

तलवार-मासा हें नांव ऐकतांच त्याच्या मुखापुढील लांब पातें डोळ्यांसमोर उभें राहतें, आणि या प्राण्याचें सारें सामर्थ्य त्या पात्यांतच सांठविलेलें असावें असा समज होतो. हा समज अर्धाच खरा आहे. खोल समुद्रांतील आपलें राज्य हा मासा तलवारीच्या बळावर जितकें चालवितो, तितकेंच डोळ्यांच्या बळावरहि चालवितो. आणि मनुष्य रात्रीं किनाऱ्यापासून दूर जाऊन त्याला गळाला लावतो, तो त्याच्या या डोळ्यांनाच भूल घालून. ही शिकार कशी चालते आणि तिच्यांत जय कशाला म्हणावें, हें समजण्यास प्रथम त्या माशाची ओळख करून घेणें अवश्य आहे.

लांब चोंचीच्या कोणत्याहि मोठ्या माशाला तलवार-मासा म्हटलें जातें. परंतु पाठीवर शिडासारखा पर असलेला मोर-मासा वेगळा, चोंचीच्या दोन्ही कडांना दांते असलेला करवत-मासा वेगळा आणि खरा तलवार-मासा वेगळा. मोर-माशाची चोंच दाभणासारखी गोल असते. तलवार-माशाची चपटी, कडांना धार असलेली आणि शरीराच्या लांबीच्या सुमारें एक तृतीयांश भरणारी असते. वाढ झालेल्या माशाला दांत नसतात आणि खवलेहि नसतात. भक्ष्याला भोसकण्यापेक्षां त्याच्या घोळक्यांत शिरून तो डोकें झटक्यानें डावीउजवीकडे फिरवितो, आणि कापले गेलेले मासे व माकूल मग गिळतो. पूर्ण वाढीचा मासा चौदा-पंधरा फूट लांब आणि हजार पौंडांहूनहि जड होऊं शकतो. उष्ण व समशीतोष्ण अशा सर्व महासागरांत त्याचा संचार आहे. आपल्या अरबी समुद्रांतहि तो आहे, आणि कुप्यासाठीं खोल पाण्यांत सोडलेल्या लांब दोरांना तो अधूनमधून लागतो.

त्याच्या तलवारीचा प्रताप १९६७ च्या जुलै महिन्यांत शास्त्रज्ञांनीं समक्ष पाहिला. ‘अॅल्व्हिन’ नांवाची अमेरिकन संशोधक पाणबुडी सुमारें २००० फूट खोलीवर असतांना एका तलवार-माशानें तिच्यावर धडक मारली. त्याचें पातें पाणबुडीच्या बाहेरील आवरणाच्या सांध्यांत असें घट्ट रुतलें कीं, माशाला घेऊनच पाणबुडी वर आली. संशोधकांनीं मग त्या हल्लेखोराचें भोजन केलें, हा भाग निराळा! महत्त्वाचा मुद्दा असा कीं, जेथें सूर्यप्रकाश जवळजवळ पोंचत नाहीं, अशा खोलीवर हा मासा वावरत होता. दिवसां त्याची वस्ती साधारणतः तेथेंच असते.

मग रात्रीं तो वर कां येतो? या प्रश्नाचें उत्तर त्याच्या भक्ष्यांत आहे. १९४२ साली अमेरिकन नौदलाच्या कामासाठीं ध्वनिलहरी पाण्यांत सोडून प्रयोग चालले असतां, कॅलिफोर्नियाजवळ खोल समुद्राच्या मध्येंच जणूं दुसरा एक तळ असल्यासारखा प्रतिध्वनि येऊं लागला. नवल असें कीं, हा ‘तळ’ सायंकाळीं वर चढे आणि पहाटे खालीं उतरे. पुढें उलगडा झाला तो असा: तो तळ नव्हताच; ते लहान मासे, माकूल आणि कोळंबीसारखे जीव यांचे अफाट थर होते. दिवसां शत्रूच्या दृष्टीपासून बचाव व्हावा म्हणून हे जीव अंधारांत दडी मारतात, आणि रात्र पडली कीं चरण्यासाठीं वर येतात. घांस वर निघाला कीं त्याच्यामागोमाग तलवार-मासाहि निघतो. चांदण्याचाहि त्याच्यावर परिणाम होतो. अमावास्येच्या सुमारास तो पृष्ठभागाच्या अधिक जवळ येतो, तर पौर्णिमेच्या लख्ख चांदण्यांत तो त्याहून खोल राहतो. म्हणून शिकारीहि त्या रात्रीं आपले गळ अधिक खालीं सोडतात.

अंधारांत व कडाक्याच्या थंडींत शिकार करावयाची, तर डोळे तल्लख हवेत. माशांचें रक्त थंड असतें आणि थंडीनें डोळा व मेंदू मंद होतात. निसर्गानें यावर मोठी विलक्षण योजना केली आहे. तलवार-माशाच्या डोळ्यामागील एका स्नायूचें रूपांतर चक्क शेगडींत झालें आहे. तो स्नायु आकुंचन न पावतां केवळ उष्णता निर्माण करतो. १९८२ साली फ्रान्सिस कॅरी या शास्त्रज्ञानें ही रचना उजेडांत आणली. या शेगडीमुळें मेंदू व डोळे सभोंवारच्या पाण्यापेक्षां दहा ते पंधरा अंश सेल्सिअस अधिक उबदार राहतात. अशा ऊबदार डोळ्याला जलद हालचाल थंड डोळ्यापेक्षां कितीतरी पटींनीं स्पष्ट दिसते, असें २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनीं दाखविलें आहे. बशीएवढा दिसणारा हा डोळा क्षीण चमकहि टिपतो. आणि खोल पाण्यांतील अनेक जीव स्वतःच चमकत असल्यामुळें चमक दिसली कीं घांस जवळ आहे, हें तो जाणतो.

या खुणेचीच मनुष्यानें नक्कल केली. पूर्वीं हौशी शिकारी दिवसां पृष्ठभागावर ऊन खात पडलेला मासा शोधीत आणि त्याच्यापुढें आमिष फिरवीत. पण बहुतेक मासे त्याकडे ढुंकूनहि पाहत नसत. काठी व चक्री वापरून पहिला तलवार-मासा १९१३ साली कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटालिना बेटापाशीं विल्यम बोशेन यानें पकडला. त्याचें वजन ३५५ पौंड होतें. काठीनें धरलेल्या सर्वांत मोठ्या माशाचा मान १९५३ च्या मे महिन्यांत चिली देशांतील इकीके येथें लुई मॅरन याच्या ११८२ पौंडांच्या माशाला मिळाला. परंतु दिवसांचा हा खेळ नशिबाचा होता. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील फ्लॉरिडाच्या शिकाऱ्यांनीं रात्रीची रीत उचलली, आणि या शिकारीचें स्वरूपच पालटलें.

फ्लॉरिडा व बहामा बेटें यांच्यामधील सामुद्रधुनींतून गल्फ स्ट्रीम हा उबदार प्रवाह तासाला तीन-चार मैलांच्या वेगानें उत्तरेकडे वाहतो. मियामीहून सूर्यास्तापूर्वीं निघालेली मोटारनौका पंधरा-वीस मैल आंत जाते. तेथें खोली दीड-दोन हजार फूट असते. नंतर यंत्र मंद किंवा बंद करून नौका प्रवाहाबरोबर वाहूं देतात. मोठ्या गळावर माकूल दोऱ्यानें शिवून बसवितात, आणि त्याच्या कांहीं फूट वर प्रकाशाची एक लहान कांडी बांधतात. ही कांडी वांकविली कीं आंतील कांचेची नळी फुटते, दोन द्रव्यें एकत्र होतात आणि उष्णतेवांचून हिरवट-निळा उजेड पडतो. असे तीन-चार दोर वेगवेगळ्या खोलींवर, कोणी शंभर फुटांवर, कोणी तीनशे फुटांवर, फुग्यांच्या आधारें सोडले जातात. मग वाट पाहण्याखेरीज दुसरें काम नसतें. जहाजांच्या वाटेवर असल्यामुळें एकानें सदैव दिव्यांकडे लक्ष ठेवावें लागतें.

मासा आला हें पुष्कळदां काठीच्या नुसत्या थरथरीवरून कळतें. तो प्रथम आमिषावर तलवारीचा तडाखा देतो आणि नंतर तें तोंडांत घेतो. उतावळेपणानें ओढणारा शिकारी येथेंच फसतो. कधीं मासा गळासकट सरळ वर पोहत येतो; दोर सैल पडतो आणि तो सुटला असें वाटतें. त्या वेळीं चक्री झपाट्यानें गुंडाळली नाहीं, तर गळ खरोखरच निसटतो. त्याच्या जबड्याजवळचें मांस मऊ असल्यामुळें जोर अधिक लावला तर गळ फाटून बाहेर येतो, आणि कमी लावला तर मासा पुन्हां तळाकडे धांवतो. म्हणून ही झुंज बाहुबलापेक्षां मनाच्या तोलावर चालते. मोठा मासा असेल, तर कित्येक तास जातात आणि पहाटहि होते. नौकेपाशीं आल्यावरहि धोका टळलेला नसतो; थकल्यासारखा दिसणारा मासा अकस्मात् उसळला, तर त्याचें पातें माणसाचा प्राण घेऊं शकतें.

अखेर लांब दांड्याचा आंकडा टाकून त्याला वर घेतलें, कीं नौकेवर जयघोष होतो. परंतु येथें एक प्रश्न उभा राहतो. या जातींत नर लहान राहतात. तीनशे पौंडांच्या वरचे मासे बहुधा सारे माद्याच असतात. म्हणजे ज्याला ‘राक्षसी मासा’ म्हणून मिरवितात, ती वास्तविक वर्षानुवर्षें लक्षावधि अंडीं घालणारी एक वृद्ध माता असते. मोठ्यांत मोठा मासा मारण्याची हौस ही अशा प्रकारें त्या जातीच्या मुळावरच येते.

हा धोका काल्पनिक नाहीं. १९६० नंतर अटलांटिकमध्यें मैलोगणती लांबीचा दोर आणि त्याला शेंकडों गळ लावून तलवार-मासा पकडण्याचा धंदा वाढला. पुढें मोठे मासे दुर्मिळ झाले. अंडीं घालण्याच्या वयास न पोंचलेलीं पिल्लें गळाला लागूं लागलीं. तेव्हां १९९८ साली अमेरिकेंतील अनेक नामांकित आचाऱ्यांनीं आपल्या उपाहारगृहांत हा मासा रांधण्याचें नाकारलें. १९९९ साली अटलांटिकच्या मत्स्यरक्षणासाठीं स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मंडळानें उत्तर अटलांटिकसाठीं दहा वर्षांची योजना आंखली, आणि २००१ साली फ्लॉरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर लांब दोरांना बंदी झाली. दहा वर्षें पुरीं होतांच, २००९ साली, तेथील तलवार-माशांची संख्या पूर्ववत् झाल्याचें शास्त्रज्ञांनीं सांगितलें. समुद्राची हानि भरून निघण्याचीं अशीं उदाहरणें थोडीं आहेत. आज तेथील शिकाऱ्याला खालच्या जबड्यापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत ४७ इंचांहून लहान मासा सोडून द्यावा लागतो. मोठ्या माद्यांना मात्र हा नियम अभय देत नाहीं. त्यांना सोडणें न सोडणें हें शिकाऱ्याच्या विवेकावर राहतें.

स्वयंपाकघराच्या दृष्टीनेंहि एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. दीर्घकाळ जगणाऱ्या व इतर मासे खाणाऱ्या या प्राण्याच्या मांसांत पारा सांठत जातो. म्हणून गर्भवती स्त्रियांनीं व लहान मुलांनीं तलवार-मासा खाऊं नये असा अमेरिकन आरोग्य खात्याचा सल्ला आहे. जितका मासा मोठा, तितका पाराहि बहुधा अधिक.

तेव्हां या रात्रीच्या शिकारींतील खरा पराक्रम वजनाच्या कांट्यावर मोजण्याचा नव्हे. खोल अंधारांतील प्राण्याचा दिनक्रम, त्याचा डोळा आणि चंद्राची कला हीं सर्व जाणून ज्यानें त्याला नौकेपाशीं आणलें, त्याचा विजय तेथेंच पुरा झाला. त्यानंतर दोर कापून त्या मातेला पुन्हां काळ्या पाण्यांत जाऊं देणारा शिकारी रिकाम्या हातानें परततो खरा. पण पुढल्या पिढीच्या शिकाऱ्यासाठीं तो समुद्र भरलेला ठेवून येतो.