एकशे पंचवीस वर्षांचं घर

भाचीने मँचेस्टरला फ्लॅट घेतला आणि रात्री अकराला व्हॉट्सअॅपवर कागद पाठवले. "मामा, तू एकदा नजर टाक." पहिल्याच पानावर माझं घोडं अडलं. मुदत : १ जानेवारी २००४ पासून १२५ वर्षं. त्यातली वीस आधीच्या लोकांनी राहून संपवलेली. मी फोन करून विचारलं, २१२८ साल संपलं की घर कुणाचं? ती म्हणाली, "फ्रीहोल्डरचं, म्हणजे जमीनमालकाचं."

इकडे ताईचा जीव वरखाली. "एवढं कर्ज काढलं आणि घर भाड्याचंच की!"

मी कपाटातून वडिलांची फाईल काढली. मिरज एमआयडीसीतली आमची शेड. प्लॉट १९८१ चा, मुदत ९५ वर्षं, वार्षिक भाडं एक रुपया. शेड आम्ही बांधली, मशिनं आमची, जमीन महामंडळाची. आधी 'अॅग्रीमेंट टू लीज', बांधकाम पुरं झाल्यावर फायनल लीज. बँकेकडे गहाण ठेवायचं तर महामंडळाची एनओसी, विकायचं तर परवानगी आणि वर ट्रान्सफरचे पैसे. तरी चाळीस वर्षांत आमच्या घरात कुणी त्या प्लॉटला भाड्याचा म्हटलं नाही. ताईनेही नाही. भाचीचा फ्लॅट याच जातीचा.

इंग्लंडात १९२५ च्या कायद्याने जमीन धरण्याचे कायदेशीर प्रकार दोनच ठेवले : बेमुदत तो फ्रीहोल्ड, ठरावीक वर्षांचा तो लीजहोल्ड. गंमत म्हणजे तत्त्वतः फ्रीहोल्डवालाही जमीन राजाकडूनच धरतो. आपल्या सातबारावर तरी 'मालक' कुठे छापलेलं असतं? तिथे शब्द आहे भोगवटादार.

पण फ्लॅटच लीजवर का? याचं उत्तर तिथल्या एका जुन्या अडचणीत आहे. समजा वरच्या मजल्यावरच्याने छप्पर दुरुस्त ठेवायचं कबूल केलं आणि फ्लॅट विकला. फ्रीहोल्ड विकलं असेल तर ती पैसे खर्चायची जबाबदारी नव्या मालकावर आपोआप जात नाही. पाणी खाली गळत राहतं. लीजमध्ये मात्र ती अट नव्या घेणाऱ्याला चिकटते. म्हणून इमारत एकाच्या नावावर ठेवायची, फ्लॅट वर्षांच्या बोलीवर विकायचे आणि दुरुस्तीचा खर्च सर्व्हिस चार्ज म्हणून सगळ्यांकडून काढायचा. आपण तीच अडचण सहकारी सोसायटी काढून सोडवली. बिल्डरने कन्व्हेअन्स करून दिला की जमीन सोसायटीची. तो 'की' किती वर्षं लोंबकळतो, हे ज्याचं त्याला ठाऊक. इंग्लंडनेही २००२ मध्ये कॉमनहोल्ड नावाचा साधारण असाच प्रकार आणला, पण बिल्डरांनी त्याला फारसं विचारलं नाही. जमीन हाताखाली ठेवून दरवर्षी भाडं येत असेल तर कोण सोडेल?

भाचीचं हे जमीनभाडं, ग्राउंड रेंट, वर्षाला २५० पौंड आहे. ३० जून २०२२ पासूनच्या बहुतेक नव्या निवासी लीजना ते घेता येत नाही. कायद्याच्या भाषेत भाडं 'एक पेपरकॉर्न', म्हणजे मिऱ्याचा एक दाणा. एमआयडीसीच्या एका रुपयाचा हा सख्खा भाऊ. पण तिचं लीज २००४ चं, त्यामुळे मिऱ्यावर भागत नाही.

खरी मेख उरलेल्या वर्षांत आहे. लीज ८० वर्षांच्या खाली गेलं की मुदत वाढवायला भारी पैसे पडतात, कारण वाढलेल्या किमतीतला अर्धा वाटा जमीनमालक मागतो. बँकाही हात आखडता घेतात. २०२४ च्या नव्या कायद्यात ही मागणी काढून मुदतवाढ थेट ९९० वर्षांची करायचं ठरलंय. मात्र त्यातली कलमं टप्प्याटप्प्याने लागू होतायत, तेव्हा यातलं आज काय चालू आहे हे तिथल्या वकिलाला विचारूनच पुढे जायचं. भाचीकडे १०५ वर्षं आहेत. तिला घाई नाही, पण विकेल तेव्हा घेणारा आधी हाच आकडा विचारणार.

आपल्याकडे तालुक्यात व्यवहार ठरवताना पहिला प्रश्न वेगळा असतो : जुनी शर्त की नवी? वतनं खालसा झाल्यावर बऱ्याच जमिनी नव्या शर्तीने परत मिळाल्या. सरकारी भाषेत भोगवटादार वर्ग २. मुदत नाही, पण विकायला सहसा कलेक्टरची परवानगी आणि नजराणा. इंग्रजी लीजमध्ये घड्याळ चालू असतं. नव्या शर्तीत दाराला साखळी. घेणाऱ्याने सातबारावर भोगवटादार वर्ग पाहावा, 'इतर अधिकार' हा रकाना भिंग लावून वाचावा. गावातल्या घराला प्रॉपर्टी कार्डवर 'सत्ता प्रकार' बघावा. इसारा द्यायच्या आधी; नंतर बघून फक्त रक्तदाब वाढतो.

ताईला हे सगळं सांगून झालं. तिने थोडा वेळ बोटं मोजली.

"म्हणजे पोरीच्या घराची एकशे पाच राहिली. आपल्या शेडचं कधी संपतंय?"

"२०७६."

"मग तिचं बरंय की," म्हणाली आणि चहा टाकायला उठली.