डोळ्याचा पडदा दुखत नाही

२८ सप्टेंबर २०२३ ला अनंत चतुर्दशी होती. वाकडी बारवेपासून निघालेली नाशिकची विसर्जन मिरवणूक ढोलांच्या गजरात गोदावरीकडे सरकत होती आणि काही गाड्यांवरून लेझरचे झोत गर्दीवर फिरत होते. पुढच्या काही दिवसांत शहरातल्या रेटिना तज्ज्ञांकडे तरुण मुलं येऊ लागली. अंधूक दिसतं, एवढीच तक्रार. कुणाचा मार लागलेला नाही, डोळा लाल नाही, ठणका नाही. आत पाहिलं तर पडद्यावर भाजल्याच्या खुणा आणि साकळलेलं रक्त. धागा मिरवणुकीतल्या लेझरपर्यंत पोचला, तेव्हा डॉक्टरांनी ते जाहीरपणे सांगितलं.

दुखलं नाही, हेच मला यातलं सगळ्यात भयंकर वाटतं. पडदा म्हणजे डोळ्याच्या मागच्या भिंतीचं आतलं अस्तर, जाडी जेमतेम पाव मिलिमीटर. घडणीनं तो मेंदूचाच भाग, आणि वेदना कळवणारे तंतू त्यात नसतात. त्याच्या मधोमध असतो पीतबिंदू. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरचा चेहरा ओळखणं ही सगळी कामं त्या इवल्याशा ठिपक्याची. तिथल्या पेशी एकदा जळाल्या की पुन्हा उगवत नाहीत. साकळलेलं रक्त कधी आपोआप शोषलं जातं, कधी उपचारानं मोकळं करता येतं, जळालेल्या जागेला मात्र औषध नाही.

साधा दिवा चौफेर उजेड फेकतो. लेझरचा किरण फारसा न पसरता सरळ येतो आणि डोळ्यातलं भिंग त्याला पडद्यावर टाचणीच्या टोकाहून बारीक जागी गोळा करतं. तीव्रता लाखपट वाढते. त्यात रात्र. दिवसा दोन-तीन मिलिमीटरची बाहुली अंधारात तरुणांमध्ये सातपर्यंत फाकते. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो. एक मिलिवॅटच्या आतल्या पॉइंटरपासून तेवढ्यानं बचाव होतो. रोषणाईची यंत्रं काही वॅटची, म्हणजे हजारोपट ताकदीची असतात. पापणी पडण्याआधीच इजा झालेली असते. ज्या शहराचा ढोल जगभर वाजतो, त्याच्या मिरवणुकीला हे झोत कशाला हवेत?

याच भाजण्यातून एक उपचारही जन्मला. ९ जुलै १९४५ चं सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहून जर्मनीत एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा पीतबिंदू भाजला. तो व्रण पाहून डॉ. गेरहार्ड मायर-श्विकेराथ यांना वाटलं, असाच बेतानं केलेला व्रण फाटका पडदा जागच्या जागी चिकटवील. आधी त्यांनी आरशांनी सूर्यप्रकाशच वापरला, मग झेनॉनचा दिवा. १९६० साली लेझर आला आणि पुढच्याच वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तो हाती घेतला. आज मधुमेहानं बिघडलेल्या पडद्यावर बहुधा हिरवा लेझर मारतात, पण मोजूनमापून, पीतबिंदूचं केंद्र सांभाळून.

मधुमेहाचंही असंच, दुखल्याशिवाय चालतं. बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि माणूस आरामात पेपर वाचत असतो. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे डोळे तपासले, हा समज मोडायला हवा. थेंब घालून, बाहुली मोठी करून, वर्षातून एकदा पडदा पाहून घ्यावा. मोठेपणी होणाऱ्या मधुमेहात तर निदान झाल्याबरोबर. अचानक काजवे चमकले, काळे ठिपके तरंगू लागले, कडेनं पडदा ओढल्यासारखी सावली आली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पडदा सुटत असेल तर तास मोलाचे असतात. लेझरचा झोत डोळ्यावर आला असेल तर एकेक डोळा झाकून खिडकीचे गज पाहावेत. सरळ रेघ वाकडी दिसली किंवा मधे तुटली, तर औषधाच्या दुकानातून थेंब आणण्यात वेळ घालवू नये.

आणि डोळ्यांना धोक्याची पुढची तारीख आत्ताच लिहून ठेवावी: २ ऑगस्ट २०२७, सोमवती अमावास्या. नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्यातलं पहिलं अमृतस्नान त्या दिवशी आहे आणि त्याच दिवशी दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहणही आहे. रामकुंडावर लाखो माणसं असतील. श्रावण तोंडावर असल्यानं आभाळ कदाचित झाकलेलं राहील. पण ढग क्षणभर बाजूला झाला की हजारो माना वर होतील. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, साधा गॉगल यांतलं काहीही चालत नाही, आणि पाण्यातलं सूर्याचं प्रतिबिंबही टक लावून पाहण्यासारखं नसतं. प्रमाणित ग्रहणचष्मे घाटावर पोचवायचे, तर त्यांची मागणी पावसाळ्याआधी नोंदवावी लागेल.