हात लावू नका

आमच्या वसतिगृहातला एक अंध मुलगा एकदा माझ्यासोबत गावातल्या बागेत आला होता. बकुळीच्या खोडावर त्याने तळहात टेकला तोच रखवालदार ओरडला, "ए, हात लावू नको!" मुलगा दचकून मागे सरला. बागेच्या पाटीवरही तेच लिहिलेले होते. या तीन शब्दांनी माणूस का दचकतो, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्याकडे बाग ही फक्त पाहण्याची वस्तू मानली गेली आहे. हिरवळीभोवती तार, फुलांभोवती कुंपण. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी तिथे काय उरते?

खरे तर पुष्कळ उरते. पिंपळाच्या पानाचा देठ लांब आणि लवचीक असतो, त्यामुळे जेमतेम झुळूक असली तरी ते वाजते. वळणावर पिंपळ असला तर तो कानाला वाट सांगतो. मोगरा, रातराणी, पारिजातक एकाच वाफ्यात कोंबले की वासांचा नुसता गोंधळ होतो. अंतराने लावले तर प्रत्येक वास ही जागेची खूण ठरते. तुळस, गवती चहा, पानओवा यांची पाने चुरगळल्याशिवाय त्यांचा पुरता वास येत नाही. म्हणजे ही झाडे हात लावण्यासाठीच आहेत. ती सुमारे ७० सेंटिमीटर उंचीच्या ओट्यावर लावावीत. मग चाकाच्या खुर्चीतल्या माणसाचा आणि वाकता न येणाऱ्या म्हातारीचाही हात तिथवर पोचतो. कण्हेर मात्र तिथे नको, ती विषारी. आणि एखादा शांत कोपराही हवाच. काही स्वमग्न मुलांना कारंज्याचा, गर्दीचा आवाज सोसत नाही.

दिल्लीत २००३ साली 'पंचेंद्रियांची बाग' उघडली. सुमारे वीस एकरांची ही बाग चांगली आहे. पण तिथे तिकीट काढून जावे लागते. माझा आग्रह गल्लीतल्या फुकट बागेसाठी आहे.

संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांच्याबरोबरच सरकारी पैशावर चालणारी सार्वजनिक वावराची ठिकाणेही आहेत. बाग त्यातच येते. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून तिथे कोणाला अडवता येत नाही. अपंगत्वाचा उल्लेख त्या यादीत नाही. त्यासाठी १९९५ चा आणि नंतर २०१६ चा कायदा यावा लागला. पण कायदा झाला तरी फाटक तेच राहिले. मोटारसायकली आत शिरू नयेत म्हणून फाटकात आडवेतिडवे लोखंडी पाइप ठोकलेले असतात. मोटारसायकलवाला कुठून तरी शिरतोच. चाकाची खुर्ची तेवढी बाहेर राहते. आत गेलेच तर पायऱ्या! एक फूट चढाला बारा फूट लांबीचा उतार लागतो, एवढाच हिशेब आहे. आमच्या गावच्या बागेत फाटकापासून पाण्याच्या नळापर्यंत चार पायऱ्या आहेत. त्यांच्या शेजारी तसा उतार काढायला जागा भरपूर आहे. सध्या तिथे शोभेच्या कुंड्या मांडून ठेवल्या आहेत.