यंत्राचा काळ आणि आपले घड्याळ

संगणक काळ मोजतो तो वार-तारखेने नव्हे. जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे १ जानेवारी १९७० ची मध्यरात्र हा त्याचा शून्यक्षण. तेथून लोटलेले सेकंद तो संख्येने नोंदतो. (मधूनमधून घातलेले अधिक सेकंद या हिशेबात धरीत नाहीत.) त्या शून्यक्षणी भारतात पहाटेचे साडेपाच वाजले होते.

आता १५ ऑगस्ट १९४७ ची आपली मध्यरात्र घेऊ. शून्यदिनापूर्वी ८,१७५ दिवस. दिवसाचे ८६,४०० सेकंद. शिवाय साडेपाच तासांचे १९,८००. म्हणून संख्या येते उणे ७०,६३,३९,८००. हीच संख्या जागतिक वेळेत मांडली, तर उत्तर मिळते १४ ऑगस्ट, सायंकाळचे साडेसहा! क्षण तोच, तारीख मात्र स्थळागणिक निराळी.

हा केवळ गणिताचा खेळ नव्हे. विद्यार्थ्याची जन्मतारीख २६ जानेवारी अशी भरली, आज्ञावलीने ती भारतीय मध्यरात्र समजून संख्येत बदलली आणि छापताना जागतिक वेळ वापरली, की दाखल्यावर २५ जानेवारी उमटते. हा एक दिवस पुढे प्रवेशाला नि नोकरीला आडवा येतो. आमच्या मते जन्मतारखेची अशी संख्या करूच नये. वर्ष, महिना, दिवस एवढेच जपावे.

जेथे क्षणच हवा, उदाहरणार्थ अर्ज केव्हा पोहोचला, तेथे संख्या ठेवावी व दाखविताना स्थळ सांगावे. पायथॉन भाषेत स्थळ न सांगितल्यास ती ज्या यंत्रावर चालते, त्याचीच वेळ गृहीत धरते. घरी बिनचूक चाललेली आज्ञावली जागतिक वेळेवर लावलेल्या दूरच्या यंत्रावर साडेपाच तास मागे पडते, ती यामुळेच. तेव्हा 'एशिया/कोलकाता' हे नाव स्पष्ट द्यावे.

नुसते 'अधिक साडेपाच' लिहून का भागू नये? सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत युद्धामुळे आपली घड्याळे साडेसहा तास पुढे होती. नावामागच्या कोष्टकात हा इतिहास असतो. न्यूयॉर्कचे अंतर तर वर्षातून दोनदा बदलते. मुंबईत १९५५ पर्यंत रेंगाळलेली जुनी स्थानिक वेळ मात्र कोलकात्याच्या कोष्टकात सापडायची नाही!

आणखी एक खाचखळगा. जावास्क्रिप्ट भाषा सेकंद नव्हे, सेकंदाचे सहस्रांश मोजते. एक अब्ज सेकंदांचा क्षण ९ सप्टेंबर २००१ चा. तीच संख्या सहस्रांश म्हणून वाचली, तर १२ जानेवारी १९७० येतो. तारखा अशा १९७० च्या जानेवारीत गोळा होऊ लागल्या, की हजाराने गुणायचे राहिले आहे काय, ते प्रथम पाहावे.