धाप लागते म्हणून व्यायाम बंद?

मुलाला दमा आहे असं कळलं की घरात पहिली बंदी येते ती धावण्यावर. पीटीच्या तासाला सूट मिळावी म्हणून शाळेत चिठ्ठी जाते आणि पोरगं मैदानाच्या कडेला बसून इतरांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळतं. या काळजीला आधार आहे. दमा असलेल्या बऱ्याच जणांना श्रमानंतर खरोखरच खोकला येतो, छातीत घरघर होते. चुकतो तो त्यावरून काढलेला निष्कर्ष. धावल्यावर छाती पुन्हा पुन्हा आवळत असेल, तर बहुतेक वेळा दमा पुरेसा आटोक्यात नाही असा त्याचा अर्थ असतो. आणि तसं असेल तर बदलायला हवेत ते उपचार.

छाती आवळते कशी, ते पाहिलं की हे पटतं. बसल्या जागी आपण मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो, जोरात पळताना हाच आकडा १०० लिटरच्या वर जाऊ शकतो. एरवी नाक ही हवा कोमट आणि ओलसर करून आत सोडतं. पळताना आपण तोंडाने श्वास घेतो, कोरडी हवा थेट आत जाते, श्वासनलिकांच्या अस्तरावरचं पाणी उडतं आणि उरलेला द्रव अधिक खारट होतो. त्याने चिडलेल्या पेशी हिस्टामाइन आणि ल्युकोट्राइनसारखी रसायनं सोडतात, नलिकांभोवतीचे स्नायू आखडतात. म्हणजे खरा त्रास कोरड्या, गार हवेचा. म्हणूनच डिसेंबरात पहाटे पळताना बेजार होणाऱ्याला पोहणं अनेकदा सोसतं (बंदिस्त तलावातल्या क्लोरीनच्या उग्र वासाने मात्र काहींची छाती भरते). पहाटेची हवा सगळ्यात शुद्ध, ही आपल्याकडची लाडकी समजूतही इथेच तपासावी. हिवाळ्यात जमिनीलगतची गार हवा वर उठत नाही. वाहनांचा, शेकोट्यांचा, जाळलेल्या कचऱ्याचा धूर तिच्यातच कोंडून राहतो. अशा दिवसांत ऊन वर आल्यावर बाहेर पडलेलं बरं.

कोणालाही लागणारी साधी धाप आणि दम्याचा त्रास यांतला फरक बराचसा घड्याळावर कळतो. साधी धाप पळताना लागते आणि थांबल्यावर काही मिनिटांत बसते. दम्यातलं आखडणं बहुधा थांबल्यानंतर पाच-दहा मिनिटांत शिगेला पोचतं आणि ओसरायला अर्धा ते दीड तास घेतं. शंका असेल तर डॉक्टर ट्रेडमिलवर पळवून आधीची आणि नंतरची फुंकर मोजतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १० टक्के किंवा अधिक घटली, तर निदानाला बळ मिळतं. दहा-पंधरा मिनिटं हळूहळू अंग तापवून, मध्ये थोडा वेग वाढवून मग मुख्य व्यायाम केला, तर अनेकांना पुढचा त्रास कमी होतो. सामन्याआधीचा वॉर्म-अप टाळणं दमेकऱ्याला परवडत नाही.

यावर कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला, घरी बसलेलं काय वाईट? वाईट हे की बसून राहिलेल्या शरीराला जिना चढायलाही जास्त हवा लागते, मग लहानशा श्रमातही धाप लागते आणि भीती आणखी वाढते. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात २१ चाचण्यांतल्या ७७२ दमा-रुग्णांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले. नियमित व्यायामाने दमसास वाढला आणि तो व्यायाम त्यांना सोसला. पण फुप्फुसांच्या क्षमतेच्या मोजमापात फारसा फरक पडला नाही, हेही तितक्याच ठळकपणे सांगायला हवं. व्यायामाने किंवा प्राणायामाने दमा मुळातून जातो, ही दुसऱ्या टोकाची अतिशयोक्ती आहे. त्या भरवशावर औषध सोडणारे अडचणीत येतात. २००३ साली लंडन मॅरेथॉन २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत धावणाऱ्या पॉला रॅडक्लिफलाही दमा आहे. तिच्यामागे पथकं होती, हे खरं. पण दमा असला म्हणजे पळता येतच नाही, हा दावा तिच्यापुढे टिकत नाही.

राहता राहिली पंपाची भीती. पंपाची सवय लागते, गोळी सौम्य, असं मानणाऱ्यांनी मात्रा पाहावी. साल्ब्युटामॉल या लगेच आराम देणाऱ्या औषधाच्या पंपातून एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध मिळतं, गोळीत ४ मिलिग्रॅम, म्हणजे चाळीसपट, आणि तेही रक्तातून अंगभर फिरून मग फुप्फुसात. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर व्यायामाआधी दहा-पंधरा मिनिटं हा फवारा घेण्यात गैर काही नाही. मात्र रोज केवळ तेवढ्यावर भागवणं धोक्याचं, कारण त्याने स्नायू सैल पडतात, आतली सूज तशीच राहते. म्हणून ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमाने २०१९ पासून मोठ्यांसाठी आणि किशोरवयीनांसाठी नुसत्या साल्ब्युटामॉलवर उपचार न करता श्वासावाटे घ्यायचं स्टेरॉइड सोबत असावं, अशी शिफारस केली. रात्री खोकल्याने जाग येत असेल किंवा आराम देणारा पंप वरचेवर लागत असेल, तर तेवढे दिवस जोराचा व्यायाम थांबवून आधी डॉक्टरांकडे जावं. व्यायाम करतानाच छाती आवळली, तर थांबावं, ताठ बसावं, पंप घ्यावा. तरीही वाक्य पूर्ण बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावं.