व्हॅक्युम क्लीनरमधील गाळणी

व्हॅक्युम क्लीनरमधील गाळणी (फिल्टर) हा यंत्राने ओढून घेतलेल्या हवेतील धूळ अडवणारा भाग होय. यंत्र जितकी हवा आत ओढते तितकीच बाहेर टाकते. त्यामुळे गाळणी निकृष्ट असल्यास जमिनीवर स्थिरावलेली बारीक धूळ पुन्हा खोलीच्या हवेत मिसळते आणि साफसफाईनंतरच दम्याच्या रुग्णास अधिक त्रास होऊ शकतो.

इतिहास

ब्रिटिश अभियंता ह्युबर्ट सेसिल बूथ यांनी १९०१ मध्ये धूळ शोषून घेणारे यंत्र तयार केले. ही कल्पना पडताळण्यासाठी त्यांनी खुर्चीवर रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढली व रुमालावर धूळ जमली, असे सांगितले जाते. तो रुमाल म्हणजे गाळणीच होती. अमेरिकेतील जेम्स मरे स्पँग्लर या सफाई कामगाराला दमा होता. त्याने आपल्या यंत्राला धूळ साठवण्यासाठी उशीचा अभ्रा जोडला आणि १९०८ मध्ये पेटंट मिळवले.

कार्यपद्धती

गाळणी चाळणीसारखी काम करते, हा समज अपुरा आहे. पिशवीच्या कापडात वा कागदात जाडसर कण चाळणीप्रमाणे अडकतात, हे खरे. परंतु उच्च क्षमतेच्या 'हेपा' गाळणीतील तंतूंमधील फटी अडवावयाच्या पुष्कळशा कणांपेक्षा मोठ्या असतात. तरीही कण सुटत नाहीत. हवा तंतूला वळसा घालते तेव्हा जड कणांना जडत्वामुळे वळता येत नाही व ते तंतूवर आदळतात. मध्यम आकाराचे कण हवेबरोबर वळतात, पण तंतूला घासून जाताना चिकटतात. अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंच्या धडकांमुळे वेडेवाकडे भरकटतात आणि कुठल्या ना कुठल्या तंतूवर जाऊन बसतात.

या तिन्ही क्रियांचा प्रभाव सर्वांत कमी पडतो तो सुमारे ०.३ मायक्रॉन आकाराच्या कणांवर. म्हणूनच अमेरिकी मानकानुसार हेपा गाळणीची परीक्षा याच आकारावर होते: अशा १०,००० कणांपैकी किमान ९,९९७ अडले पाहिजेत. त्याहून लहान कण उलट अधिक सहज अडतात, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. या गाळण्यांचा विकास १९४० च्या दशकात, अणुबाँब निर्मितीच्या मॅनहॅटन प्रकल्पात किरणोत्सर्गी कण रोखण्यासाठी झाला.

मर्यादा व निगा

गाळणी उत्तम असूनही तिच्या कडेची रबरी पट्टी सैल असेल तर हवा फटीतून निसटते आणि गाळणी निरुपयोगी ठरते. वास व वायू हेपा गाळणीत अडत नाहीत. त्यासाठी सक्रियित कोळशाचा थर लागतो. पिशवीविरहित यंत्रांत हवेला भोवऱ्यासारखे फिरवून जाड धूळ आधी वेगळी केली जाते, तरी बारीक धुळीसाठी गाळणी लागतेच.

धूळ साचली की हवेचा प्रवाह मंदावतो, ओढ कमी होते, आणि पुष्कळ यंत्रांत मोटार याच हवेने थंड होत असल्याने ती तापते. स्पंजाची गाळणी पाण्याने धुता येते, मात्र पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नये. ओलसर गाळणीवर बुरशी धरते. कागदी घड्यांची हेपा गाळणी, उत्पादकाने धुण्याजोगी असल्याचे सांगितले नसेल तर, बदलावीच लागते.